गुण औषधाचा कीं योगायोगाचा ?

कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गांठ पडली, असें आपण सहज म्हणतों. वैद्यकाच्या इतिहासांत मात्र फांदी कावळ्यानेंच मोडली, अशी समजूत शेंकडों वर्षें चालत आली. औषध दिलें, रोगी बरा झाला. लस टोचली, साथ ओसरली. एवढ्यावरून उपाय गुणकारी ठरे. तोच उपाय केला नसता तर काय झालें असतें, हें विचारण्याची विद्या पदवीधर डॉक्टरांस रीतसर शिकविली जाऊं लागली ती विसाव्या शतकांत. लंडन येथील आरोग्यशास्त्राचें व उष्ण देशांतील वैद्यकाचें विद्यालय हें तिचें एक प्रमुख पीठ होय.

हें विद्यालय पॅट्रिक मॅन्सन यांनीं १८९९ सालीं स्थापिलें. परदेशीं जाणाऱ्या डॉक्टरांस तेथें रोगजंतु व डांस यांची ओळख होई. हिशेबाची शिस्त तेथें आणली ती मेजर ग्रीनवुड यांनीं. ‘मेजर’ हा त्यांचा हुद्दा नव्हे, नांवच होतें. त्यांनीं व उडनी यूल यांनीं १९१५ सालीं विषमज्वर व पटकी यांवरील लशींचे आंकडे तपासून एक कसोटी घालून दिली : टोचून घेतलेले व न घेतलेले लोक इतर सर्व बाबतींत सारखे असावेत, आणि रोगाचा धोकाही दोघांस सारखाच असावा. एरव्हीं तुलना व्यर्थ होय.

ग्रीनवुड यांच्या हाताखालीं आलेले ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल हे डॉक्टर नव्हते. पहिल्या महायुद्धांत वैमानिक असतां त्यांस क्षयानें गांठलें व डॉक्टर होण्याचा मार्ग खुंटला. अंथरुणावरून उठल्यावर त्यांनीं घरबसल्या अभ्यास करून अर्थशास्त्राची पदवी मिळविली. गणिताची धास्ती बाळगणाऱ्या डॉक्टरांस ते आंकड्यांचा अर्थ साध्या भाषेंत उलगडून सांगत. त्यांची यावरील लेखमाला १९३७ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें येऊन तिचें पुस्तक झालें.

या विद्येची खरी परीक्षा पुढें क्षयाच्याच बाबतींत झाली. १९४७ सालीं स्ट्रेप्टोमायसिन ब्रिटनमध्यें फार थोडें होतें. सर्वांस पुरणें शक्यच नव्हतें. तेव्हां तें कोणास मिळावें हें डॉक्टरच्या मर्जीवर न ठेवतां, बंद लखोट्यांतील चिठ्ठ्यांवर सोंपविण्यांत आलें. औषध मिळालेल्या ५५ रोग्यांपैकीं सहा महिन्यांत ४ दगावले. केवळ विश्रांति मिळालेल्या ५२ पैकीं १४. विजय उघड दिसत होता. परंतु तपासणी तेथेंच थांबली नाहीं. पांच वर्षांनंतर पहिल्या गटांतील ३२ व दुसऱ्यांतील ३५ रोगी मृत्यु पावले होते. जंतु औषधास दाद देईनासे झाले होते. मोजणी सहा महिन्यांवर संपविली असती, तर हें अपयश यशाच्या आड दडून राहिलें असतें. एकाच औषधावर विसंबून न राहतां दोन औषधें जोडीनें देण्याची रीत अशाच तुलनांतून सिद्ध झाली.

हीच पद्धति १९५६ सालीं मद्रासेस आली. क्षयी माणसास आरोग्यधामांतच ठेविलें पाहिजे, अशी त्या वेळीं दृढ समजूत होती. पण गोरगरिबांस खाटा आणावयाच्या कोठून? तेथील क्षयचिकित्सा केंद्रानें रोग्यांचे चिठ्ठ्यांच्याच रीतीनें दोन गट पाडले. एकास आरोग्यधाम, दुसऱ्यास स्वतःचें घर. औषधें मात्र एकच. १९५९ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष अनेकांस अनपेक्षित होता. दाटीच्या घरांत, निकृष्ट अन्नावर राहिलेले रोगीही जवळजवळ तितक्याच प्रमाणांत बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांस त्यामुळें अधिक लागण झाल्याचें आढळलें नाहीं.

घरीं राहून क्षयाचा उपचार घेण्याची वाट जगांतील असंख्य गरिबांस या तुलनेनें मोकळी झाली. आरोग्यधामाचा आग्रह धरणारे डॉक्टर निर्दय नव्हते. त्यांचा हेतु शुद्धच होता. परंतु ज्यास खाट मिळत नसे त्या रोग्याच्या कामीं तो हेतु आला नाहीं. कामीं आली ती सारख्यांची सारख्यांशीं केलेली प्रामाणिक मोजणी.