बटण कोणी दाबलं?

आजची गोष्ट यवतमाळपासून सुरू करूया.

२०२४ ची लोकसभा निवडणूक आठवा. यवतमाळ जिल्हा एक, पण लोकसभेला तो तीन मतदारसंघांत विभागला जातो. वणी आणि आर्णी चंद्रपूरमध्ये, तिथं १९ एप्रिलला मतदान झालं. यवतमाळ, राळेगाव, दिग्रस, पुसद हे यवतमाळ-वाशिममध्ये आणि उमरखेड हिंगोलीत, तिथं २६ एप्रिलला. एप्रिलमधलं विदर्भाचं ऊन मी वेगळं सांगायला नको. धडधाकट माणूसही सकाळीच मत देऊन मोकळा होतो. मग जो अंथरुणावर आहे, ज्याला चालता येत नाही, त्याचं काय?

त्या वर्षी लोकसभेला देशभर पहिल्यांदाच घरून मतदानाची सोय होती. वय ८५ च्या वर, किंवा अपंगत्व ४० टक्के वा त्याहून जास्त असेल आणि १२-डी नमुना वेळेत भरून दिला असेल, तर पथक मतपत्रिका घेऊन दारात येणार. इथपर्यंत यायला आपल्याला सत्तरहून अधिक वर्षं लागली.

या सगळ्या इतिहासात दोन प्रश्न आहेत आणि आपण त्यांची नेहमी गल्लत करतो. एक, मतदान केंद्रापर्यंत पोचायचं कसं? दुसरा, पोचल्यावर आपलं मत आपणच, कोणाला न कळता, द्यायचं कसं?

१९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची, तिच्यावर त्याची निशाणी. वाचता न येणाऱ्यांसाठी ही युक्ती छान होती. पण ज्याला दिसतच नाही, त्याला सगळ्या पेट्या सारख्याच! पुढे १९६२ च्या सुमारास सगळ्या उमेदवारांची एकच मतपत्रिका आणि तिच्यावर शिक्का, अशी पद्धत रुळली. कागद बोटांना काही सांगत नाही, त्यामुळे अडचण तीच राहिली.

यावर नियमांनी काढलेला तोडगा म्हणजे सोबती. अंध किंवा अशक्त मतदाराला एक सोबती आत नेता येतो. तो १८ वर्षांचा तरी हवा, एका दिवशी त्यानं एकाच मतदाराचा सोबती व्हायचं, आणि मत गुप्त ठेवीन असं लिहून द्यायचं. केंद्राध्यक्ष त्याची यादी ठेवतात. नियम विचारपूर्वक केलाय, कारण नाहीतर एकाच कार्यकर्त्यानं अख्ख्या वस्तीचं मत ‘दिलं’ असतं. पण एक गोष्ट बघा. सोबती बहुतेक घरातलाच असतो. म्हणजे मत गावापासून गुप्त राहतं, घरापासून नाही. आणि कधीकधी ते घरापासूनच लपवायचं असतं, नाही का?

वळण आलं २००४ साली. त्या लोकसभेला देशभर मतदान यंत्रं आली. त्याच वेळी जावेद आबिदी यांच्या डिसेबल्ड राइट्स ग्रुपनं सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि न्यायालयानं केंद्रांवर लाकडी रॅम्प लावायला सांगितलं. हा झाला पहिल्या प्रश्नाचा निकाल. दुसऱ्याची सुरुवातही त्याच वर्षी झाली. हैदराबादच्या आसिफनगर विधानसभा पोटनिवडणुकीत ब्रेल आकडे असलेलं यंत्र वापरून पाहिलं. नंतर काही राज्यांत एकेका मतदारसंघात, २००८ ला सगळ्या दिल्लीत, आणि २००९ पासून देशभर. ब्रेलमधली नमुना मतपत्रिका केंद्राध्यक्षाकडे असते. ती चाचपून आपल्या उमेदवाराचा क्रमांक बघायचा, यंत्रावर बटणाशेजारचा तोच आकडा शोधायचा आणि बटण दाबायचं. स्वतःच्या बोटानं.

छान झालं, पण पूर्ण नाही. ज्याची नजर म्हातारपणी गेली, त्याला ब्रेल कुठून येणार? त्यात २०१९ च्या लोकसभेला प्रत्येक केंद्रावर व्हीव्हीपॅट आलं. काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते, म्हणजे आपलं मत बरोबर पडल्याची खात्री. ही खात्री डोळस मतदाराला मिळते, अंध मतदाराला नाही. आणि घरी येणारी मतपत्रिका? ती पुन्हा कागदाचीच. पहिला प्रश्न सुटतो, तिथं दुसरा परत उभा राहतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं ११ वं कलम सांगतं की केंद्रं सगळ्यांना जाता येईल अशी हवीत आणि निवडणुकीचा मजकूरही समजेल असा हवा. रॅम्प दिसतो, त्याचा फोटो निघतो. गुप्तता फोटोत येत नाही, म्हणून ती मागे पडते.

तेव्हा पुढच्या मतदानाला घरातल्या अंध मावशीला, काकांना केंद्रावर नेलंत, तर आधी एवढंच विचारा: “मी आत येऊ, की तुम्ही एकटे जाताय?” सोबती हा पर्याय आहे, सक्ती नाही. त्या एकटीनं गेल्या, तर केंद्राध्यक्षांकडे ब्रेलची मतपत्रिका मागायला विसरू नका. आणि बाहेर आल्यावर कोणाला मत दिलं, ते विचारू नका.

भेटूया पुढच्या भागात.