कैली आणि वजनी

गेल्या नाताळात सांताक्रूझच्या आमच्या घरी मुलीने केक करावयास घेतला. कृती अमेरिकन पुस्तकातील. मैदा दोन कप, साखर एक कप अशी. केक विटेसारखा निघाला. दोष मुलीचा नव्हे. चाळलेला मैदा हलक्या हाताने घातला तर त्या कपात सुमारे १२० ग्रॅम मावतो. कपच डब्यात खुपसून काढला तर तो १५० ग्रॅमपर्यंत जातो. फॅनी फार्मर या विदुषीने १८९६ साली बॉस्टन येथे आपले पाकशास्त्र प्रसिद्ध करून कप सपाट भरण्याचा दंडक घातला तो ह्याच घोटाळ्यामुळे. परंतु सुरीने वरची शीग उतरते. आत दडपलेले पीठ काही सैल होत नाही.

हा घोटाळा आपल्या वाडवडिलांच्या चांगला परिचयाचा होता. भांड्याने मोजावयाचे ते कैली आणि ताजव्यात तोलावयाचे ते वजनी, असा भेद ते करीत. धान्य कैली मोजावयाचे. दोन निठव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. पुढे देशावर बहुधा बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. पंचाईत अशी की शेर, मण, खंडी ही नावे वजनातही तीच. त्यातही मुंबईचा वजनी मण २८ पौंडांचा, तर ऐंशी तोळ्यांच्या शेराचा सरकारी मण ८२ पौंडांहून किंचित अधिक!

स्वयंपाकघरात याने फार तर केक बिघडतो. खळ्यावर संसार बिघडत असे. पेरणीच्या वेळी कुणब्याने वाढीदिढीने बी घ्यावे आणि सुगीत दीडपट फेडावे, ही जुनी रीत. आता आठ पायल्या सपाट मापाने दिल्या आणि बारा पायल्या शिगोशीग भरून घेतल्या, असे समजा. शीग मापाच्या पाचव्या हिश्शाएवढी धरली तरी आठाचे चौदाहून अधिक झाले. दीडपट म्हणता म्हणता जवळजवळ दुप्पट. कागदावर मात्र खोटे अक्षर नाही. शिवाय मापाचे तोंड जितके रुंद तितकी शीग मोठी. तोंडाचा व्यास दुप्पट केला तर त्याच उताराची शीग आठपट होते. तेव्हा तेवढेच धान्य मावणारे, पण उथळ व रुंद माप करवून घेणारा मनुष्य भूमिती शिकला नसला तरी ती पक्की जाणत होता. इंग्लंडातही हीच लबाडी चाले. तेथे शिगेचे माप १८३५ साली कायद्याने बंद झाले.

दळणाचा अनुभव तर घरोघरचा आहे. पायलीभर जोंधळे दळून आणले तर पीठ पायलीहून अधिक भरते, आणि ताजव्यात घातले तर उलट थोडे कमीच येते. गिरणीवाल्याची परीक्षा मापाने करणारी गृहिणी त्यामुळे नेहमी फसते आणि संतुष्ट असते.

मुंबई इलाख्यात वजनमापांचा कायदा १९३२ साली झाला. १९४३ साली शहरात शिधावाटप आले, आणि धान्य तोलून घेण्याची सवय शहरवासीयांस सक्तीने लागली. पुढे १९५६ चा कायदा झाला, १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने येऊ लागली, आणि ९३३ ग्रॅमांचा शेर किलोपुढे मागे सरला. तरी १९७० साली निघालेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’त वाटी-चमच्यांचेच राज्य आहे, आणि ते मला गैर वाटत नाही.

आजीचे पितळी मापटे आमच्याकडे अद्याप आहे. मुलीने ते मैद्याने तीनदा भरून काट्यावर ठेवले: चाळून, खुपसून आणि ठोकून. तीन आकडे तीन तऱ्हेचे आले. तिने वहीत कप खोडून ग्रॅम लिहिले. तिची आई मात्र तांदूळ त्याच मापट्याने घेते. कारण तांदळावरचे पाणीही तिला त्याच मापट्याने घालावयाचे असते.