पडद्यावरचं विसावं वर्ष

मराठी माणसानं सिनेमा काढला तोच वेशभूषेची अडचण सोडवत. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’साठी दादासाहेब फाळक्यांना तारामती मिळेना, कारण पडद्यावर यायला बायका तयार नव्हत्या. अखेर उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके लुगडं नेसून उभे राहिले. पुढे १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये राम तेच आणि सीताही तेच. त्या वेळच्या फिल्मला लाल रंग कळत नसे, तो पडद्यावर काळा उमटे. म्हणजे ओठांची लाली असून नसल्यासारखी. रूप आणि वय दाखवायचं ते कपड्यांनी, दागिन्यांनी आणि चालण्याबोलण्याच्या ढबीनं.

१९३७ मध्ये प्रभातनं ‘कुंकू’ काढला. शांता आपटे यांची नीरा तरुण, केशवराव दाते यांनी रंगवलेला तिचा नवरा म्हातारा. चित्रपटाचं नावच कपाळावरच्या रंगाचं. त्या बोटभर रंगानं पोरीची बाई होते, हे प्रेक्षकांना वेगळं सांगावं लागलं नाही. जवळजवळ ऐंशी वर्षांनी, ‘सैराट’मध्ये, शाळकरी वयाची रिंकू राजगुरू आधी कॉलेजातली आर्ची झाली आणि उत्तरार्धात परक्या शहरात संसार करणारी बाई. चेहरा तोच, कपडे बदलले.

हा इतिहास मी वाचायला घेतला त्याला कारण आहे. आपल्या मेळाव्यासाठी शाळेतल्या नववीच्या मुलामुलींनी एक छोटी फिल्म केली आहे. विषय: आपली बॅच विसाव्या वर्षी, म्हणजे २००० च्या सुमारास. वेशभूषेसाठी त्यांनी मला विचारलं तेव्हा त्यांची यादी तयारच होती. मुलींना जीन्स, मुलांना गॉगल आणि केसांना जेल. सगळं त्या काळच्या हिंदी सिनेमातून उचललेलं. मी म्हटलं, आधी पुरावा पाहू.

तुम्ही ग्रुपवर त्या वर्षांतले फोटो पाठवलेत. त्यात गॉगल एकच निघाला, तोही स्टुडिओवाल्याचा! आम्ही इंजिनीअरिंगच्या मुली शिंप्याकडून शिवलेल्या पंजाबी ड्रेसमध्ये, ओढणीला दोन्ही खांद्यांवर पिना. दोघं मित्र एमआयडीसीतल्या कंपनीच्या गणवेशात. आणि वर्गातल्या अकरा जणी साडीत, गळ्यात मंगळसूत्र, चौघींच्या कडेवर मूल.

एका मुलीनं त्यातल्या एका फोटोवर बोट ठेवून विचारलं, “या कुणाच्या आई?”

“आमच्याच वर्गातली आहे. वीस वर्षांची.”

मग तीच ती भूमिका करायला तयार झाली. काठपदराची साडी, अंबाडा, हातभर हिरव्या बांगड्या. रंगभूषेच्या डब्याला हातही लावला नाही, तरी पंधरा वर्षांची पोर तिशीची दिसू लागली. शूटिंग पाहायला आलेल्या आपल्या बाई बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या.

‘कॉलेजचे दिवस’ म्हणून आपण ज्या आठवणी काढतो, त्या निम्म्या वर्गाच्या वाट्याला आल्याच नव्हत्या. सगळ्यांना जीन्स चढवली असती तर फिल्म रंगीत दिसली असती, पण या अकरा जणी पुन्हा एकदा गळाल्या असत्या. म्हणून मुलांनी फिल्मचं पहिलंच दृश्य त्यांचं ठेवलं आहे.

त्यांच्यापैकी चौघी अजून “येऊ की नको” म्हणताहेत. ज्यांच्याकडे त्यांचे नंबर आहेत, त्यांनी एवढं त्यांना नक्की सांगा.