अंगणातल्या डासांचा बंदोबस्त: कधी, काय करायचं? (आणि मोबाइलवर रिमाइंडर कसा लावायचा)

गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये बाबांना डेंग्यू झाला. पाच दिवस हॉस्पिटल, रोज प्लेटलेट्सचा रिपोर्ट, घरात कोणाला झोप नाही. गंमत म्हणजे दोनच आठवड्यांपूर्वी आम्ही पैसे देऊन अंगणात धूरफवारणी करून घेतली होती. मग चुकलं कुठे? डिस्चार्जनंतर मी अंगण नीट शोधलं, तेव्हा झाडामागे पडलेल्या रंगाच्या रिकाम्या डब्यात अळ्या वळवळताना दिसल्या. उपाय केला होता, पण टायमिंग चुकलं होतं.

आधी डासाचं वेळापत्रक समजून घ्या

डेंग्यू पसरवणारा डास म्हणजे एडिस इजिप्ती. याच्या पायांवर पांढरे पट्टे असतात आणि तो दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळ होण्याआधी. मादी एका वेळी साधारण १०० अंडी घालते. ती पाण्यावर नाही, तर भांड्याच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या पातळीच्या जरा वर चिकटवते. पाणी वाढून अंडी भिजली की अळी, मग कोष, मग डास. उष्ण हवेत हे सगळं ७ ते १० दिवसांत आटोपतं.

यातून दोन गोष्टी कळतात:

१. आठवड्यातून एकदा पाणी काढलं, तर अळीचा डास होण्याआधीच साखळी तुटते. आरोग्य खातं 'आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा' म्हणतं, ते याचसाठी.

२. नुसतं पाणी ओतून भागत नाही. कोरडी अंडी आठ महिन्यांपर्यंत तग धरू शकतात. म्हणजे उन्हाळ्यात रिकामा पडलेला ड्रम पहिल्या पावसात पुन्हा 'चालू' होतो. म्हणून भांडं आतून ब्रशने घासायचंच.

वर्षाचं कॅलेंडर

* मे: पावसाआधीची मोठी साफसफाई. टायर, करवंट्या, फुटक्या कुंड्या, रंगाचे डबे बाहेर काढा. कूलर बंद करताना टाकी घासून, वाळवून ठेवा. पत्र्यावरच्या पन्हळीतला पालापाचोळा काढा. टाकीच्या व्हेंट पाइपला जाळी बांधा.
* जून ते सप्टेंबर: दर आठवड्याला कोरडा दिवस. पहिला मोठा पाऊस झाला की पाच दिवसांच्या आत एक जादा चक्कर मारा.
* ऑक्टोबर-नोव्हेंबर: पाऊस गेला म्हणून थांबू नका. डेंग्यूचे रुग्ण या काळातही सापडत राहतात. आठवड्याचं काम चालूच.
* डिसेंबर ते एप्रिल: बॅरल, हौद, फ्रिजमागचा ट्रे, मनी प्लांटची बाटली एवढ्याकडे लक्ष ठेवा. जिथे पाणी भरून ठेवावं लागतं, तिथे हा डास उन्हाळ्यातही होतो.

कोणता उपाय कधी?

*रिकामं करता येणारी भांडी:* ओता, घासा, पालथी घाला. औषध लागतच नाही.

*हौद, मोठी टाकी:* घट्ट झाकण किंवा कापड बांधा. घराच्या हौदात गप्पी मासे चालतात, पण ते नदी-ओढ्यात सोडू नका. अळीनाशक (अॅबेट) आरोग्य कर्मचाऱ्यांकडूनच टाकून घ्या, मात्रा अंदाजाने ठरवू नका.

*धूरफवारणी:* यात फक्त उडणारे डास मरतात, अळी आणि कोष तसेच राहतात. म्हणून आधी पाणी काढा, मग फवारणी. आम्ही नेमकं उलटं केलं. शिवाय हा डास घरात पडद्यामागे, पलंगाखाली बसतो. बाहेरचा धूर तिथवर पोचेलच असं नाही.

रिमाइंडर असा लावा

गूगल कॅलेंडर उघडा, अधिकच्या चिन्हावर टॅप करा आणि नाव द्या 'कोरडा दिवस'. रविवार सकाळी ९ ची वेळ टाका. रिपीटमध्ये 'दर आठवड्याला' निवडा, शेवटची तारीख ३० नोव्हेंबर. घरातल्यांचे ईमेल अॅड केले की सगळ्यांना दिसेल. आई कॅलेंडर वापरत नाही, म्हणून तिच्या फोनच्या घड्याळात मी दर रविवारचा अलार्म लावलाय. डिस्क्रिप्शनमध्ये जागांची यादी लिहा: कुंडीखालच्या ताटल्या, पक्ष्यांचं पाणी, ड्रम, पन्हळ, झाडामागचा कोपरा.

एक सांगतो, स्नूझ करू नका. रविवार हुकला तर सोमवारी करा. पुढच्या रविवारवर ढकललं की मध्ये १४ दिवस जातात आणि तेवढ्यात डास उडालेला असतो. गणपतीला गावी जाताना बादल्या पालथ्या घाला, कमोडचं झाकण लावा.

डास पळवणारी अॅप चालतात का?

नाही. अल्ट्रासाउंडने डास पळतात असा दावा ही अॅप करतात. २००७ च्या कॉक्रेन रिव्ह्यूमध्ये अशा इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या १० फील्ड चाचण्या तपासल्या गेल्या, कशातही डास चावणं कमी झालं नाही. अॅप अनइन्स्टॉल करा, ब्रश घ्या.

ताप आलाच तर

डॉक्टरांकडे जा. मनाने अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका, डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आमच्या अंगणाला दर रविवारी वीस मिनिटं लागतात. यादी आता बाबाच वाचून दाखवतात, आणि रंगाच्या डब्याची जागा सगळ्यात आधी बघतात.