टिटवाळा ते आरे : मराठी रॅपची वाट

रॅप, म्हणजे ठेक्यावर तालात उच्चारलेले यमकबद्ध बोलणे, हे हिप-हॉप संस्कृतीचे एक अंग असून १९७३च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील वंचित वस्त्यांत तिचा उदय झाला. ती इटलीत पोहोचली तेव्हा आरंभी इंग्रजीचे अनुकरण झाले. मात्र १९९०च्या आसपास, रिकाम्या इमारती ताब्यात घेऊन तरुणांनी चालविलेल्या सामाजिक केंद्रांतून इटालियन रॅप राजकीय वाणी म्हणून उभा राहिला आणि ‘९९ पोसे’सारख्या गटाने नेपल्सची बोलीही त्यात आणली. मराठीत असे वळण सुमारे दोन दशकांनी आले.

मुंबईत २०१३च्या सुमारास स्थापन झालेल्या ‘स्वदेशी’ या गटात एमसी मवाली मराठीत, तर एमसी तोडफोड गुजरातीत गात असे. पुढे अमरावतीच्या सौरभ अभ्यंकर यांच्यासोबत वऱ्हाडीही त्यात आली. ‘गली बॉय’ चित्रपटाने हिंदी रॅप घराघरांत नेला त्याच वर्षी, २०१९ मध्ये, ‘स्वदेशी’ने मुंबईतील आरे वसाहतीतील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासह ‘द वारली रिव्होल्ट’, म्हणजे वारल्यांचा उठाव, हे गाणे प्रसिद्ध केले. मेट्रोच्या कारशेडसाठी आरेच्या जंगलावर कुऱ्हाड येणार असल्याच्या काळातील हे गाणे जमिनीवरील आदिवासींच्या हक्काविषयी बोलते आणि त्याचे नावच ठाणे जिल्ह्याच्या इतिहासाकडे बोट दाखविते.

तो इतिहास मुंबईहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सुरू होतो. या मार्गावर शहापूर तालुक्यातील आटगावच्या अलीकडे असलेल्या टिटवाळ्यास जानेवारी १९४५ मध्ये किसान सभेची परिषद भरली आणि तेथे उंबरगावकडील वारली आदिवासीही आले. त्यानंतर गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठ, म्हणजे विनामोबदला सक्तीची मजुरी, आणि लग्नगडी, म्हणजे लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी सावकाराकडे जखडलेला गडी, या प्रथांविरुद्ध लढा पेटला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह आदिवासी हुतात्मे झाले. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकामुळे हा उठाव मराठी वाचकांना परिचित आहे. पुस्तक न वाचलेल्या पिढीपर्यंत उठावाचे नाव ‘स्वदेशी’च्या गाण्याने नेले, आणि हे लहान काम नव्हे.

मराठी रॅपचा पूर्वज शोधताना केवळ ब्रॉन्क्सकडे पाहणे अपुरे ठरते, कारण १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी स्थापलेल्या लाल बावटा कलापथकाने पोवाडा व लोकनाट्य यांतून कामगारांपुढे अन्यायाविरुद्ध गाण्याचे हेच कार्य केले होते. सत्तेला झोंबणारे गाणे शाहिराला महागात पडते हा अनुभवही तुटलेला नाही : एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगासे या रॅपरविरुद्ध राज्य सरकारवरील गाण्यासाठी अंबरनाथ येथे, म्हणजे ठाणे जिल्ह्यातच, गुन्हा नोंदविण्यात आला.

याच जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड तालुक्यांकडे पाहिले तर रॅपसाठी विषयांची वाण नाही. आटगावजवळचे तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी देत आहे, भातसा धरणही देते, आणि तरीही शहापूरच्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. वारली, कातकरी, ठाकर आणि महादेव कोळी यांच्या बोलींत या अन्यायावरचा रॅप रचला जावा आणि वारल्यांत लग्न लावणाऱ्या धवलेरीची लग्नगीते व तारपा या फुंकवाद्याचे सूर यांसोबतच तोही, गायकाचे नाव व सालासह, या तालुक्यांतील महाविद्यालयांनी ध्वनिमुद्रित करून जपावा.