रेताब्लो : पेरूमधील गोष्ट सांगणारी पेटी

रेताब्लो म्हणजे दोन झडपांची, फुलांच्या नक्षीने रंगवलेली लाकडी पेटी. झडपा उघडल्या की आत मजल्यांवर मांडलेल्या छोट्या मूर्ती दिसतात. ही कला दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या आयाकुचो भागातली.

मूळ उपयोग
पूर्वी तिला 'सान मार्कोसची पेटी' म्हणत. वरच्या मजल्यावर जनावरांचे रक्षक संत असत : गुरांसाठी सान मार्कोस, मेंढ्यांसाठी सान हुआन, शेळ्यांसाठी सांता इनेस. खाली गुराखी, गुरे आणि पकडलेला गुरेचोर. जनावरांवर खूण करण्याच्या विधीत ही पेटी मांडली जाई.

कशी बनवतात?
उकडलेला बटाटा कुस्करून जिप्समच्या भुकटीत मळतात. या लगद्याच्या मूर्ती हाताने व काडीने घडवून वाळवतात, रंगवतात आणि पेटीत चिकटवतात.

विषय कसे बदलले?
१९४० च्या दशकात चित्रकार आलिसिया बुस्तामान्ते यांच्या प्रोत्साहनाने होआकिन लोपेस आंताय हे कारागीर सण आणि रोजच्या जगण्याचे देखावे करू लागले. १९७५ चा राष्ट्रीय संस्कृती पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हा 'ही कला नव्हे, हस्तकला' म्हणत काही चित्रकारांनी विरोध केला.

हिंसेची नोंद
१९८० ते २००० या काळातील सशस्त्र संघर्षात, सत्यशोधन आयोगाच्या अंदाजानुसार, सुमारे ६९ हजार माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. सर्वाधिक झळ आयाकुचोला बसली. एदिल्बेर्तो हिमेनेस यांनी गावकऱ्यांकडून ऐकलेले अत्याचार रेताब्लोत मांडले. गुरांच्या रक्षणासाठी बनणारी पेटी अशी माणसांच्या मरणाची साक्ष देऊ लागली.