दिनविशेष : १७ मे – जागतिक उच्च रक्तदाब दिन

‘वर्ल्ड हायपरटेन्शन लीग’ने २००५ मध्ये सुरू केलेला हा दिवस २००६ पासून १७ मे रोजी पाळला जातो. रक्तदाब का वाढतो, याचा एक धागा १८९८ मध्ये स्टॉकहोममध्ये हाती लागला : टिगरस्टेट व बर्गमन यांना मूत्रपिंडात रक्तदाब वाढवणारे ‘रेनिन’ सापडले. १९३४ मध्ये हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाची रोहिणी आवळून रक्तदाब वाढतो, हे दाखवले. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये उच्च रक्तदाबावर सर्पगंधा या वनस्पतीच्या उपयोगाचे निष्कर्ष ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडले; १९५७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. बहुतेक रुग्णांत आजही एकच कारण सापडत नाही. आनुवंशिकता, मीठ, वजन, वय असे अनेक घटक त्यात असतात. त्रास नसला तरी संभाजीनगरकरांनी ‘घाटी’ रुग्णालयात किंवा जवळच्या दवाखान्यात रक्तदाब मोजून घ्यावा.